भाग ४१ : हॅलोजन काढून झेनॉन टाकू का?

आजच्या भागाचं निमित्त म्हणजे एका श्रोत्याचा निरोप. गाडी दहा वर्षांची, दिवे हॅलोजनचे, आणि दर शनिवारी रात्री ताम्हिणी उतरून कोकणात जायचं. नाना पेठेतल्या दुकानदाराने सांगितलं, झेनॉनचं किट टाका, दिवसासारखं दिसेल. "टाकू का?" एवढाच प्रश्न आहे. माझं उत्तर 'नको' असं आहे. पण आपला कार्यक्रम इतिहासाचा, त्यामुळे का नको ते जरा लांबून सांगतो.

सुरुवातीच्या मोटारींना पितळी दिवे असायचे. आत कॅल्शियम कार्बाइड, त्यावर थेंब थेंब पाणी, त्यातून निघणारा अ‍ॅसिटिलीन वायू काडी ओढून पेटवायचा. वाऱ्यापावसात ही ज्योत बऱ्यापैकी टिकायची, म्हणून ती आवडती. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बॅटरी, सेल्फ-स्टार्टर आणि विजेचे दिवे अशी एकत्र व्यवस्था आली आणि काडी ओढण्याचे दिवस सरत गेले.

दिवा प्रखर झाला तसं दुसरंच भांडण सुरू झालं, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचं. १९२० च्या दशकात त्यावर तोडगा निघाला : एकाच बल्बमध्ये दोन तारा, एक लांबच्यासाठी, एक जवळच्यासाठी. आपलं अप्पर-डिपर ते हेच. आपल्याकडे ट्रकच्या पाठीवर डिपर वापरायची विनंती रंगवलेली असते ना, ती याच भांडणाची पाटी. आणि हेडलाइटच्या वरच्या भागाला फासलेला काळा रंग आठवतो? तोही त्याच भांडणातला, फक्त ब्रशने सोडवलेला.

म्हणजे बघा, हेडलाइटचा इतिहास आपण 'उजेड वाढत गेला' असा सांगतो. मला तो अर्धाच वाटतो. उजेड कुठे पडू द्यायचा नाही, यावरच जास्त डोकं खर्च झालेलं आहे.

आता हॅलोजन. साध्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापते, तिची हळूहळू वाफ होते आणि ती काचेवर आतून काळी बसते. बल्ब मरायच्या आधी मंद होतो तो यामुळे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या इंजिनियरांनी बल्बमध्ये किंचित आयोडीन घालून बघितलं, १९५९ मध्ये त्याचं पेटंट झालं. हे आयोडीन उडालेलं टंगस्टन पकडतं आणि परत तारेवर आणून सोडतं. काच स्वच्छ राहते, तार जास्त तापवता येते. साधी काच ती उष्णता सोसत नाही म्हणून क्वार्ट्‌झ. १९६२ मध्ये युरोपात पहिला हॅलोजन हेडलाइट बल्ब आला, एच-१. १९७१ मध्ये एच-४, साठ-पंचावन्न वॅटचा, जो आजही आपल्या कितीतरी गाड्यांत आहे.

एच-४ हातात घेऊन नीट बघा कधी. (काचेला बोट लावू नका, तेलकट डागाने क्वार्ट्‌झ तडकू शकतं.) डिपरच्या तारेखाली एक छोटीशी धातूची कटोरी दिसेल. खालच्या दिशेने जाणारा उजेड ती अडवते. तो उजेड रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्यावर आपटला असता तर उलटून वर, थेट समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. भिंतीवर डिपर मारल्यावर जी स्वच्छ आडवी रेघ दिसते, ती त्या कटोरीमुळे. आपण डावीकडून चालतो म्हणून रेघ डाव्या बाजूला थोडी वर चढते. पायी चालणारा दिसतो, समोरचा वाचतो.

अँबॅसेडर आणि फियाटवाल्यांनी आपले जुने सात इंची गोल दिवे काढून एच-४ चे बसवले, ते चांगलं जमलं. कारण तिथे काच, रिफ्लेक्टर, बल्ब, सगळंच एकत्र बदललं जायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि झेनॉन? हा वायू १८९८ मध्ये लंडनला विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांना सापडला. ग्रीकमध्ये नावाचा अर्थ 'परका'. हेच रॅम्से पुढे जमशेदजी टाटांच्या विज्ञानसंस्थेसाठी जागा बघायला भारतात आले आणि त्यांनी बंगळूर सुचवलं. विषयांतर झालं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

झेनॉनच्या दिव्यात तारच नसते. क्वार्ट्‌झच्या इवल्याशा कुपीत दोन टोकं, मध्ये काही मिलिमीटरची फट, आणि तिच्यात ठिणगी. ती पेटवायला वीस हजार व्होल्टच्या वर झटका लागतो, म्हणून सोबत बॅलास्टचा डबा. गंमत म्हणजे झेनॉन मुख्यतः पहिल्या काही सेकंदांचं काम करतो. नंतरचा खरा उजेड आतल्या धातूच्या क्षारांच्या वाफेचा. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये हे दिवे आले. पस्तीस वॅटमध्ये तीन हजारांवर ल्युमेन. एच-४ चा डिपर पंचावन्न वॅट खाऊन हजाराच्या आसपास देतो.

तिप्पट उजेड म्हटल्यावर युरोपने अटी घातल्या. दोन हजार ल्युमेनच्या वरच्या डिपरला आपोआप उंची जुळवणारी यंत्रणा हवी, कारण डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं. आणि काच धुणारा फवारा हवा, कारण चिखलावरून उजेड विखुरतो.

दुकानातल्या किटमध्ये यातलं काहीच नसतं. बल्ब आणि बॅलास्ट, बस्स. रिफ्लेक्टर तोच, जो एका विशिष्ट जागच्या तारेसाठी आखलेला आहे. ठिणगीचा आकार वेगळा, जागा वेगळी, कटोरीही बहुधा नाहीच. भिंतीवरची रेघ विरघळते. गाडीपुढचे दहा-पंधरा मीटर झगझगीत होतात, त्याने तुमचीच बाहुली आकसते आणि लांबचं वळण उलट अंधारात जातं. समोरच्याचं तर विचारूच नका. माझ्या वडिलांनी साठीनंतर रात्री हायवेला गाडी न्यायचं बंद केलं. वयाबरोबर डोळ्याचं भिंग गढूळ होतं आणि असा विखुरलेला उजेड आत पसरून काही क्षण काहीच दिसत नाही. घाटात ते काही क्षण फार लांब असतात.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीने दिलेल्या गाडीत मनाने फेरफार करायला ते आडवं येतं. आणि निळा रंग दिलेले 'झेनॉन-लुक' हॅलोजन? निळी काच उजेड खाते, देत नाही.

तर ताम्हिणीवाल्या मित्रा, आधी पिवळी पडलेली काच पॉलिश करून घे. मग दिवे लावून बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजून घे. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड सुमारे तीस टक्के जातो, आणि जुन्या वायरिंगमध्ये तेवढं सहज पडतं. रिले आणि जाड वायर टाकायला इलेक्ट्रिशियनला जेमतेम अर्धा दिवस लागेल. बल्ब चांगला घे, पण साठ-पंचावन्नच. नव्वद-शंभर वॅटवाला होल्डर वितळवतो. शेवटी भिंतीसमोर उभी करून बीम जुळवून घे. तुझ्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीचा झेनॉन असेल तर अख्खा दिवा, उंचीच्या यंत्रणेसकट, बसवता येतो का ते सर्व्हिस सेंटरला विचार. महाग पडेल.

व्होल्टेज किती भरलं ते कळव. पुढच्या भागात डायनॅमो आणि अल्टरनेटर.