एंटर दाबला की नेमकं काय संपतं?

लॅपटॉपवर नीट दिसणारा रेझ्युमे मोबाईलवर उघडला, की वाक्यं भलतीकडेच तुटतात. असं का होतं? उत्तर टाइपरायटरच्या काळात आहे.

टाइपरायटरवर कागद ज्या भागावर असतो तो कॅरेज. एकेक अक्षर उमटलं की तो डावीकडे सरकतो. ओळ संपत आली की घंटी वाजते. मग टायपिस्ट लिव्हर ढकलून कॅरेज परत आणणार, कागद एक ओळ वर सरकणार. म्हणजे प्रत्येक ओळ कुठे मोडायची, ते माणूस ठरवायचा. परिच्छेदासाठी वेगळी खूण नव्हतीच. नव्या ओळीत थोडी जागा सोडली, की झाला परिच्छेद!

टेलिप्रिंटरवर याच हालचालीच्या दोन सूचना झाल्या: कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. १९६३ च्या आस्की कोडमध्ये त्यांचे नंबर १३ आणि १०. विंडोजच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळीच्या शेवटी सहसा ही जोडी असते, लिनक्समध्ये फक्त १०. आम्हा कोडवाल्यांची भांडणं त्यावरून अजून चालू आहेत.

मग १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी सहकाऱ्यांसोबत 'ब्राव्हो' बनवला. स्क्रीनवर दिसेल तसंच कागदावर छापणारा वर्ड प्रोसेसर. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये वर्ड आला.

इथे कामाची वाटणीच बदलली. ओळ कुठे मोडायची ते आता मशीन बघतं, पानाची रुंदी बघून. एंटर दाबला की ओळ नाही, परिच्छेद संपतो. इंडेंट, अलाइनमेंट, ओळींमधलं अंतर हे सगळं त्या परिच्छेदाचं. वर्डमध्ये लपलेल्या खुणा दाखवणारं बटण दाबा. परिच्छेदाच्या शेवटी उलट्या इंग्रजी 'पी'सारखं चिन्ह दिसेल. त्याचं नाव पिलक्रो. मध्ययुगीन युरोपातले लेखनिक नवा मुद्दा सुरू झाला की ते काढायचे, बरेचदा लाल शाईने.

पण बोटांना जुनी सवय असते. आपल्याकडेही टायपिंग क्लासमध्ये मशीनवर शिकलेले कित्येक हात थेट कॉम्प्युटरवर आले. ते बघून आपण शिकलो: प्रत्येक ओळीला एंटर, मध्यभागी आणायला स्पेसवर स्पेस, नव्या पानासाठी दहा एंटर. मग एक शब्द वाढवला की सगळं कोसळतं.

आणि हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरने फाइल ऐकतात. रिकामा एंटर आला की त्यांना 'ब्लँक, ब्लँक' ऐकू येतं. शीर्षक नुसतं बोल्ड करून मोठं केलं, तर ते शीर्षक आहे हे त्यांच्या सॉफ्टवेअरला कळतच नाही. हेडिंग स्टाइल दिली, तर ते एका शीर्षकावरून थेट पुढच्यावर जाऊ शकतात.

म्हणून अंतर हवं तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये द्या. पत्ता किंवा कवितेसारखी ओळ मुद्दाम मोडायची असेल तर शिफ्ट-एंटर. आज तुमच्या रेझ्युमेमध्ये ते पिलक्रो चालू करून बघाच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!