चिखलातल्या जीपचा १८२७पासूनचा प्रश्न

फोर-बाय-फोर जीप चिखलात रुतते. पुढचं एक, मागचं एक चाक गरागरा फिरतं. बाकीची दोन ढिम्म. याचं मूळ १८२७मध्ये आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून ओनेसिफोर पेकर या फ्रेंच तंत्रज्ञानं डिफरन्शियलचं पेटंट घेतलं. चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू लागली. पण जोर दोघांना सारखाच. एक घसरलं की दुसऱ्यालाही जवळपास शून्य.

१९४७पासून महिंद्रानं मुंबईत जोडलेल्या विलीज जीप आणि १९८५ची मारुती जिप्सी हाच वारसा घेऊन आल्या. यावर उपाय म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधणारं लॉक. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सनं २०१३च्या फोर-बाय-फोर गुरखाला ते पुढे-मागे दिलं. २०१५च्या थारला मागे, आपोआप लागणारं.

जुन्या गाडीला काय बसवायचं? हवेवर चालणारं लॉक हवं तेव्हाच लागतं. पण त्यात कॉम्प्रेसर आणि क्राउन-पिनियन नव्यानं सेट करायची मजुरी आली. ‘लंचबॉक्स’ लॉक फक्त आतल्या छोट्या गियरच्या जागी बसतं, म्हणून स्वस्त; मात्र वळणावर खटखटतं आणि ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू घसरू शकते. गियर वेल्ड करणं सगळ्यांत स्वस्त, पण मग तुम्ही १८२७च्याही मागे गेलात!

पावसाळ्यात रोज घाट उतरणाऱ्यानं हवेच्या लॉकसाठी पैसे साठवावेत. गाडी फक्त रानवाटांसाठी असेल, तर मागे लंचबॉक्स पुरे. नाना पेठेत जाण्याआधी ॲक्सलच्या स्प्लाइनचे दाते तेवढे मोजा.