नेब्रॅस्का

अमेरिकन गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीन (जन्म : २३ सप्टेंबर १९४९) यांचा सहावा स्टुडिओ अल्बम. कोलंबिया रेकॉर्ड्स या कंपनीने तो ३० सप्टेंबर १९८२ रोजी प्रकाशित केला. लोकगीते, कंट्री आणि ब्लूज या अमेरिकेतील जुन्या संगीतप्रवाहांशी नाते राखून असलेल्या रॉक संगीताला ‘रूट्स रॉक’ म्हणतात. त्या परंपरेतील अत्यंत अंतर्मुख आणि निराभरण कृतींमध्ये दहा गाण्यांच्या या अल्बमची गणना होते.

निर्मिती : ‘द रिव्हर’ (१९८०) हा अल्बम अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. त्यानंतरचा प्रदीर्घ दौरा सप्टेंबर १९८१ मध्ये संपल्यावर स्प्रिंगस्टीन न्यू जर्सी राज्यातील कोल्ट्स नेक येथे भाड्याच्या घरात राहू लागले. ई स्ट्रीट बँड या आपल्या वाद्यवृंदाला स्टुडिओत बोलावण्यापूर्वी गाण्यांचे कच्चे आराखडे घरीच तयार करावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यासाठी टॅस्कॅम १४४ हे, साध्या कॅसेटवर चार ध्वनी स्वतंत्रपणे नोंदवणारे छोटे यंत्र झोपण्याच्या खोलीत मांडण्यात आले आणि डिसेंबर १९८१ व जानेवारी १९८२ मध्ये बहुतेक गाणी त्यावर मुद्रित झाली. आवाज आणि गिटार एकाच वेळी दोन ट्रॅकवर घेतली जात, तर उरलेल्या दोन ट्रॅकवर दुसरा आवाज, दुसरी गिटार किंवा एखादे तालवाद्य भरले जाई. हे सर्व ध्वनी प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या एकोप्लेक्स यंत्रातून नेऊन एका साध्या कॅसेट प्लेअरवर एकत्र करण्यात आले. गाण्यांना लाभलेला दूरवरून आल्यासारखा, काहीसा घुमणारा स्वर हा याच प्रक्रियेचा परिणाम होय.

पुढे न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत संपूर्ण वाद्यवृंदासह हीच गाणी पुन्हा मुद्रित करण्याचे प्रयत्न झाले. त्या सत्रांतून ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ (१९८४) या अल्बमची बरीचशी सामग्री हाती आली. मात्र कोल्ट्स नेकच्या गाण्यांतील एकाकीपण वाद्यांच्या भरगच्च साथीत हरवत असल्याचे स्प्रिंगस्टीन आणि त्यांचे व्यवस्थापक जॉन लँडाऊ यांच्या लक्षात आले. अखेर जी कॅसेट स्प्रिंगस्टीन वेष्टनाविना पँटच्या खिशात घालून हिंडत असत, तीच अल्बम म्हणून प्रकाशित करण्याचे ठरले. कॅसेटवरील मंद आवाज आणि खरखर यांमुळे तिच्यावरून ध्वनिमुद्रिका कोरण्यायोग्य अंतिम प्रत, म्हणजे मास्टर, तयार करणे फार जिकिरीचे ठरले.

आशय : १९५८ च्या जानेवारीत नेब्रॅस्का राज्यात चार्ल्स स्टार्कवेदर या तरुणाने केलेल्या हत्यासत्रावर शीर्षकगीत आधारलेले असून, त्यामागे टेरेन्स मॅलिक यांच्या ‘बॅडलँड्स’ (१९७३) या चित्रपटाची प्रेरणा आहे. मारेकऱ्याच्याच तोंडून, कोणताही आक्रोश न करता सांगितलेली ही हकीकत अल्बमचा सूर ठरवून देते. अनेक गाण्यांतील निवेदक ऐकणाऱ्याला ‘साहेब’ अशा अर्थाने संबोधतात, त्यामुळे त्यांच्या निवेदनाला अधिकाऱ्यापुढे दिलेल्या जबानीचे रूप येते. ‘जॉनी ९९’ मधील नायकाची नोकरी माहवा येथील मोटारींचा कारखाना बंद पडल्याने जाते आणि तो खुनापर्यंत पोहोचतो; फोर्ड कंपनीचा तेथील कारखाना १९८० मध्ये प्रत्यक्षात बंद झाला होता. अल्बम प्रकाशित झाला त्या महिन्यात अमेरिकेतील बेरोजगारीचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेले होते, ही पार्श्वभूमी येथे ध्यानात घ्यावी लागते. ‘हायवे पॅट्रोलमन’ मधील पोलीस अधिकारी गुन्हा करून पळणाऱ्या आपल्या भावाचा कॅनडाच्या सीमेपर्यंत पाठलाग करतो आणि तेथे गाडी कडेला घेऊन त्याला निसटू देतो. कर्तव्य आणि रक्ताचे नाते यांच्या पेचात गीतकार निवाडा देत नाही, आणि या अल्बमचे नैतिक सामर्थ्य या संयमातच आहे.

‘मॅन्शन ऑन द हिल’, ‘यूज्ड कार्स’ आणि ‘माय फादर्स हाऊस’ या गाण्यांत फ्रीहोल्ड येथील कामगारवस्तीत गेलेले स्प्रिंगस्टीन यांचे बालपण आणि वडिलांशी असलेले अवघड नाते डोकावते. अल्बम प्रकाशित झाला त्याच वर्षी त्यांना नैराश्याने ग्रासले आणि मानसोपचाराची मदत घ्यावी लागली, हे त्यांनी ‘बॉर्न टू रन’ (२०१६) या आत्मचरित्रात मोकळेपणाने नोंदवले आहे. फ्लॅनरी ओकॉनर यांच्या कथा आणि वूडी गथ्री यांची लोकगीते यांचा संस्कारही या लेखनावर स्पष्ट दिसतो.

प्रभाव : स्प्रिंगस्टीन यांनी या अल्बमसाठी दौरा काढला नाही, तरीही तो अमेरिकेतील विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. जॉनी कॅश यांनी १९८३ मध्ये यातील दोन गाणी गायली, तर ‘हायवे पॅट्रोलमन’ वरून शॉन पेन यांनी ‘द इंडियन रनर’ (१९९१) हा चित्रपट दिग्दर्शित केला. अल्बमच्या निर्मितीवर आधारित, स्कॉट कूपर दिग्दर्शित चरित्रपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. स्प्रिंगस्टीन यांनी स्वतः ‘द घोस्ट ऑफ टॉम जोड’ (१९९५) आणि ‘डेव्हिल्स अँड डस्ट’ (२००५) या अल्बममध्ये हीच वाट पुढे नेली. घरच्या घरी, अल्प साधनांनी मुद्रण करणाऱ्या पुढील पिढ्यांतील गायक-गीतकारांसाठी ‘नेब्रॅस्का’ हा आदर्श ठरला. मुद्रणाचा कच्चेपणा आशयाला पोषक असेल तर तो दोष न राहता शैली होऊ शकतो, हे या अल्बमने सिद्ध केले.