तैवानचे तेलकांड आणि युचेंगची मुले

तांदळाच्या कोंड्याच्या तेलाचा उग्र वास घालवण्यासाठी ते कारखान्यात तापवावे लागते. त्यासाठी तेलातून गेलेल्या नळ्यांमध्ये पीसीबी हे क्लोरीनयुक्त कृत्रिम रसायन तापवून खेळवले जाई. ते सहज पेटत नाही की विघटित होत नाही, म्हणून ते सोयीचे होते. 1968 मध्ये पश्चिम जपानमध्ये अशाच एका नळीतून पीसीबी झिरपून तेलात मिसळले. आधी कोंबड्या मेल्या, मग माणसांच्या अंगावर पुरळ उठले. या आजाराला ‘युशो’, म्हणजे तेलाचा रोग, असे नाव पडले.

अकरा वर्षांनी, 1979 मध्ये, तेच तैवानमध्ये घडले. ताइचुंग आणि चांगह्वा परिसरातील सुमारे दोन हजार लोकांना विषबाधा झाली. तेथे या आजाराला ‘युचेंग’ म्हटले गेले. त्यांत ताइचुंगजवळच्या अंध मुलांच्या एका निवासी शाळेतील विद्यार्थी आणि शिक्षकही होते. चेहऱ्यावर काळसर फोड, काळवंडलेली नखे आणि सुजलेल्या पापण्या ही लक्षणे होती. वारंवार तापल्याने पीसीबीपासून फ्युरान ही अधिक विषारी संयुगे तयार झाली होती.

तेलाची विक्री थांबली, पण विष थांबले नाही. पीसीबी शरीरातील चरबीत वर्षानुवर्षे साठून राहते आणि गर्भातील बाळापर्यंत पोहोचते. विषबाधा झालेल्या स्त्रियांची काही बाळे तपकिरी त्वचेची आणि विकृत नखांची जन्मली. 1985 पासून संशोधकांनी अशा शंभराहून अधिक मुलांची त्याच परिसरातील इतर मुलांशी तुलना केली. युचेंगच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरीने सुमारे पाच गुणांनी कमी भरला. त्यांच्यात अतिचंचलता आणि वर्तनाच्या तक्रारी जास्त आढळल्या, आणि हा फरक वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत टिकला. आईला विषबाधा झाल्यानंतर सहा वर्षांपर्यंत जन्मलेल्या मुलांची बौद्धिक वाढही तितकीच खुंटलेली दिसली. पुढे वयात आलेल्या मुलग्यांच्या शुक्राणूंमध्येही दोष आढळले.

गर्भाच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असते. प्रयोगांत पीसीबी या संप्रेरकाच्या कामात ढवळाढवळ करताना दिसते, त्यामुळे वर्तनातील बदलांचे ते एक संभाव्य कारण मानले जाते. मात्र तेलात फ्युरानही होते आणि मात्रा फार मोठी होती. म्हणून रोजच्या अल्प संपर्कातील धोका केवळ युचेंगवरून ठरवता येत नाही.

2001 च्या स्टॉकहोम करारात पीसीबीचे उत्पादन थांबवण्याचे ठरले. विषबाधितांच्या आरोग्यसेवेसाठी तैवानने 2015 मध्ये स्वतंत्र कायदा केला.