पेशवाईची वस्त्रे
मराठेशाहीतील पदप्रदानाचे एक दरबारी चिन्ह. मोगलांच्या खिलतीशी साम्य असलेल्या या प्रथेनुसार छत्रपती नवनियुक्त पेशव्यास मूल्यवान वस्त्रे व शिक्के-कट्यार देत. १७०८ मध्ये साताऱ्यास राज्याभिषेक झालेल्या शाहू महाराजांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथास आणि १७२० मध्ये कऱ्हाडजवळील मसूर येथे पहिल्या बाजीरावास ती दिली. या वस्त्रांतून दरबारी वैभव व्यक्त होई; परंतु त्यांचे खरे मोल राजाज्ञेत होते. शाहूंच्या मृत्यूनंतर (१७४९) सत्तेचे केंद्र पुण्यास गेले, तरी वस्त्रे साताऱ्याहूनच येत. १७७४ मध्ये अवघ्या ४० दिवसांच्या सवाई माधवरावासाठीही ती पुरंदरावर आणावी लागली. कारभार पेशव्यांचा असला, तरी त्यांच्या अधिकारास छत्रपतींच्या वस्त्रांवाचून मान्यता नव्हती.