अभ्यंगस्नान : राजभोगापासून घरच्या न्हाणीपर्यंत

नरक चतुर्दशीच्या पहाटे घरोघरी तेलाची वाटी, उटण्याचा वाडगा आणि कढत पाण्याचे घंगाळ सिद्ध होते. सणाचा तो विधी आज बहुतेक घरांत वर्षातून एकदाच होतो. त्यामुळे अभ्यंगस्नान म्हणजे केवळ दिवाळीतला एक धार्मिक आचार, अशी समजूत रूढ झाली आहे. वास्तविक या स्नानाचा इतिहास सणाच्या चौकटीत मावणारा नाही. शरीर स्वच्छ करणे हा त्याचा एक हेतू. परंतु थकलेल्या देहाला आणि शिणलेल्या मनाला विसावा देणे हा त्याहून मोठा हेतू होय. हा विसावा कोणाला मिळत होता आणि कोणाच्या कष्टांवर मिळत होता, हे पाहिल्याशिवाय त्याची कथा पुरी होत नाही.

'अभ्यंग' म्हणजे अंगाला तेल चोळणे. आयुर्वेदाने त्याला औषधांत नव्हे, तर दिनचर्येत स्थान दिले. चरकसंहितेतील युक्तिवाद सामान्य माणसाच्याही अनुभवाला पटणारा आहे: तेल मुरलेला घडा, तेल पाजलेले चामडे आणि वंगण घातलेला गाड्याचा आस जसा टिकाऊ होतो, तसेच शरीराचे होते. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त अभ्यंग नित्य करावा असे सांगून डोके, कान आणि तळपाय यांकडे विशेष लक्ष देण्यास सुचविले आहे. अजीर्ण झाले असता मात्र तो वर्ज्य मानला आहे. स्नानासाठी अंगावर ऊन पाणी चालते, पण डोक्यावर कढत पाणी ओतल्यास केसांना व डोळ्यांना अपाय होतो, हा त्याचा इशाराही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या साध्या दिनचर्येला राजदरबारात वैभवाचे रूप आले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. या ग्रंथात राजाच्या उपभोगांची जी मालिका वर्णिली आहे, तीत 'स्नानभोग' हा स्वतंत्र अध्याय आहे. फुलांच्या वासाचे तेल, मर्दन, तेल काढण्यासाठी चूर्णे, केसांसाठी आवळा आणि शेवटी कोमट पाणी, असा तो थाट. विशेष म्हणजे हा ग्रंथ छापून अभ्यासकांच्या हाती दिला तो बडोद्याने. जी. के. श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला त्याचा पहिला भाग 1925 साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. तिसरा भाग यावयास 1961 साल उजाडले.

परंतु हे सुख केवळ सिंहासनापाशीच राहिले असे नाही. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात म्हाइंभटाने सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींच्या दिनक्रमात 'मर्दना-मादणे' हा जोडशब्द वारंवार येतो. मर्दना म्हणजे अंग चोळणे आणि मादणे म्हणजे स्नान. ही दोन्ही एका श्वासात उच्चारली जात, यावरूनच चोळण्याशिवायची आंघोळ त्या काळी अपुरी वाटत असावी, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे बहमनी काळात दख्खनला हमामाची ओळख झाली. बीदरच्या किल्ल्यातील शाही हमामाच्या इमारतीत पुढे पुरातत्त्व संग्रहालय थाटण्यात आले. 'हमाम' हा मूळचा अरबी शब्द मराठीत 'हमामखाना' होऊन रुळला आणि विसाव्या शतकात तर टाटा ऑइल मिल्सच्या एका साबणाच्या वेष्टनावरही जाऊन बसला.

मराठी घराने मात्र आपली न्हाणी आपल्या ऐपतीप्रमाणे उभारली. परसाकडच्या बाजूला एक दगडी फरशी, सांडपाणी अळूच्या वाफ्याकडे नेणारी मोरी, आणि कोपऱ्यात तांब्याचा बंब: मधल्या नळकांड्यात विस्तव आणि भोवती पाणी. उटण्यात नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद असे जिन्नस पडत. डाळीचे पीठ अंगावरचे जास्तीचे तेल शोषून घेई आणि भरडपणामुळे मळही निघे. शिकेकाईच्या शेंगांत आणि रिठ्याच्या फळांत फेस आणणारी द्रव्ये निसर्गतःच असतात. दख्खनच्या अनेक विहिरींचे पाणी जड. त्यातील क्षारांशी संयोग होऊन साबणाचा चिकट साका बनतो व केसांवर बसतो. शिकेकाईचे तसे होत नाही. आजीच्या हट्टामागे असे रसायनशास्त्र होते.

हे सारे चित्र रम्य खरे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. एका माणसाच्या स्नानास दहा-दहा लिटरांच्या दोनच कळश्या धरल्या, तरी सहा माणसांच्या कुटुंबास 120 लिटर पाणी लागे. म्हणजे 120 किलो वजन रोज पहाटे विहिरीतून ओढावयाचे आणि घरात आणावयाचे. ते ओढणारी, बंब पेटविणारी आणि सर्वांच्या शेवटी उरलेल्या पाण्यात घाईघाईने न्हाणारी व्यक्ती बहुधा घरातली सूनच असे. तिच्या वाट्याला निवांत अभ्यंग येई तो बाळंतपणात. तेव्हा तिला तेल लावले जाई, कढत पाण्याने न्हाऊ घातले जाई, शेगडीवर ओवा टाकून शेक दिला जाई. गावातल्या दलित वस्तीला तर पाणवठ्यालाच बंदी होती. 1927 च्या मार्च महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यावयासाठी सत्याग्रह करावा लागला. जेथे घोटभर पाण्याचा हक्क नाकारला जात होता, तेथे स्नानभोगाची गोष्ट कोणी काढावी?

म्हणूनच न्हाणीच्या इतिहासातील सर्वांत मोठी क्रांती तेलाने किंवा साबणाने केली नाही. ती नळाने केली. सयाजीराव महाराजांच्या काळात आजव्याच्या तलावाचे पाणी 1892 साली बडोद्याला मिळू लागले. 1908 सालच्या मुसा नदीच्या महापुरानंतर हैदराबादसाठी उस्मानसागर बांधला गेला, तो 1920 साली पुरा झाला. इंदूरकरांना नर्मदेसाठी आंदोलन करावे लागले आणि 1978 साली ते पाणी शहरात आले. नळ घरात आला त्या घरातील स्त्रीच्या डोक्यावरचा हंडा उतरला.

साबणही याच सुमारास देशी झाला. पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूरच्या चंदनाची परदेशी निर्यात अडली, तेव्हा त्या संस्थानाने चंदनाचे तेल काढावयास आरंभ केला आणि बंगळूरला साबणाचा सरकारी कारखाना काढला. शांपूची कथा तर उलट्या प्रवासाची आहे. पाटण्याचा शेख दीन मुहंमद याने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्लंडातील ब्रायटन येथे बाष्पस्नान व मर्दनाचे गृह चालविले. हिंदीतील 'चाँपना', म्हणजे आपल्याकडचे 'चेपणे', या क्रियापदापासून आलेला 'शांपू' हा शब्द तेथे मर्दनाच्या अर्थानेच वापरीत. पुढे तो केस धुण्याकडे वळला आणि बाटलीत भरून स्वदेशी परतला. चेपणारे हात मात्र वाटेतच गळाले.

आजच्या न्हाणीघरात पाणी आहे, साबण आहे, वरून धार सोडणारा फवाराही आहे. नाही तो वेळ. मागच्या पिढीतील सुनेला पाण्याने दमविले. आजच्या नोकरदार स्त्रीपुरुषांना घड्याळ दमविते. परंतु अभ्यंगाला राजाचा जामदारखाना लागत नाही. आठवड्यातून एक सकाळ, वाटीभर कोमट तिळाचे वा खोबऱ्याचे तेल, ते अंगात मुरेपर्यंतची निवांत बसणूक, मूठभर पीठ, बादलीभर ऊन पाणी आणि नंतर घटकाभर स्वस्थता, एवढ्यावर तो साधतो. फरशीवर सांडलेले तेल तेवढे तत्काळ पुसावे, म्हणजे पाय घसरावयाचा नाही.

आणखी एक पथ्य पाळावे. जुन्या घरात ज्या व्यक्तीने सर्वांसाठी पाणी तापविले, तिच्यासाठी ते कोणी तापविले नाही. आता बंब गेला, विहीर गेली. तेव्हा ती चूक चालू ठेवण्यास कोणतीही सबब उरलेली नाही. घरातील शेवटच्या माणसालाही पहिल्याइतकेच ऊन पाणी आणि पहिल्याइतकीच निवांत वेळ मिळाली, तरच सोमेश्वराचा स्नानभोग खऱ्या अर्थाने घरी आला असे म्हणता येईल.