पोटमाळ्यावरचं भोक

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी माणसाला पहिल्या हिवाळ्यात गॅसचं बिल जो धक्का देतं, तो तो जन्मभर विसरत नाही. मग उपायांची चर्चा सुरू होते आणि ती हमखास खिडक्यांवर येऊन थांबते. माझ्याकडे दर नोव्हेंबरात दोन-तीन मित्रांची विचारणा असतेच, "अरे, खिडक्या बदलून घेऊ का? कोटेशन आलंय." कोटेशन कित्येक हजार डॉलरचं असतं. या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी इथेच, न्यू जर्सीत, शोधून झालंय. ती हकीकत फार कमी लोकांना ठाऊक आहे, म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९७३ पर्यंत अमेरिकेत इंधन इतकं स्वस्त होतं की घर बांधताना त्याचा विचार करायची कुणाला गरजच वाटत नसे. भिंतीत जेमतेम इन्सुलेशन घालायचं आणि कमी पडलं तर मोठी भट्टी (म्हणजे फर्नेस) बसवायची, असा सरळ हिशेब. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव सुमारे तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेला. नोव्हेंबरात अध्यक्ष निक्सन यांनी लोकांना थर्मोस्टॅट ६८ अंश फॅरनहाइटवर (२० सेल्सिअस) आणायला सांगितलं. १९७६-७७ च्या कडक हिवाळ्यात नैसर्गिक वायूचा तुटवडा झाला, शाळा-कारखाने बंद ठेवावे लागले. २ फेब्रुवारी १९७७ ला नवे अध्यक्ष जिमी कार्टर अंगात स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि म्हणाले, दिवसा ६५, रात्री ५५ ठेवा. थोडक्यात, थंडी सोसा! ऊर्जा वाचवणं म्हणजे कुडकुडणं, हे समीकरण अमेरिकन मनात तेव्हा जे पक्कं बसलं ते अजून पुरतं निघालेलं नाही.

पण त्याच काळात काही मंडळी वेगळाच प्रश्न विचारत होती: घरातली उष्णता नेमकी जाते कुठून? टर्नपाईकच्या आठ नंबरच्या एक्झिटपासून जवळ, ईस्ट विंडसरमध्ये, ट्विन रिव्हर्स नावाची वसाहत आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेली, एकसारख्या टाऊनहाऊसच्या रांगाच रांगा. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या रॉबर्ट सोकोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये, म्हणजे तेलबंदीच्या आधीच, या घरांचा अभ्यास सुरू केला होता. पुढची कित्येक वर्षं त्यांनी इथे मीटर लावले, तपमापक लावले, रहिवाशांशी बोलले. इंजिनिअरला यापेक्षा सुंदर प्रयोगशाळा मिळणार नाही. घर तेच, हवामान तेच, भट्टी तीच.

पहिला धक्का असा की आराखड्याने एकसारख्या असलेल्या घरांच्या गॅसच्या वापरात दुपटीहून जास्त फरक निघाला. बरं, हा फरक बांधकामातला म्हणावा, तर घर विकलं जाऊन नवं कुटुंब आलं की आकडाही बदलायचा. म्हणजे त्यातला बराचसा फरक माणसांचा होता. घरांना रोजच्या वापराचा आकडा नियमित दाखवला, तर तेवढ्यानेच वापर सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो, हेही तिथल्याच एका प्रयोगात दिसलं. आपल्या आज्या दिवे मालवत घरभर फिरायच्या त्यात शास्त्र होतं तर!

दुसरा धक्का मोठा होता. छतातून किती उष्णता जावी याचा पुस्तकी हिशेब सोपा असतो: इन्सुलेशनची जाडी, क्षेत्रफळ, तापमानातला फरक. जान बेया, गौतम दत्त वगैरे संशोधकांनी पोटमाळ्यावर (अ‍ॅटिकमध्ये) प्रत्यक्ष मोजमाप केलं, तेव्हा तिथे पोहोचणारी उष्णता हिशेबाच्या कित्येक पट निघाली. इन्सुलेशन तर जागेवर होतं. मग ही उष्णता कुठल्या वाटेने येत होती?

उत्तर मिळालं भट्टीच्या धुराड्यापाशी. तळघरातल्या भट्टीचा धूर नेणारा पाईप घराच्या पोटातून वर जातो. त्याच्याभोवती बिल्डरने मोकळी पोकळी सोडली होती, तळघरापासून थेट पोटमाळ्यापर्यंत. गरम हवा हलकी, ती वर चढणार. इन्सुलेशनला वळसा घालून ती त्या पोकळीतून सरळ पोटमाळ्यावर जात होती आणि तिच्या जागी खालच्या फटींतून थंड हवा आत ओढली जात होती. दोन घरांमधल्या सामाईक भिंतींचे ब्लॉकही आतून पोकळ होते, तेही हेच काम करत. म्हणजे अख्खं घर एक चिमणी झालं होतं आणि मालक खिडकीच्या काचेला दोष देत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

इथे आपली मराठी मंडळी विशेष गोंधळतात, आणि ते स्वाभाविक आहे. कोकणातल्या कौलारू घरात उकाडा वर जाऊन कौलांच्या फटींतून बाहेर पडणं हा गुण असतो. तीच गोष्ट न्यू जर्सीच्या जानेवारीत घात करते.

प्रिन्स्टनच्या फ्रँक सिंडेन यांनी यातल्या एका टाऊनहाऊसवर मनापासून मेहनत घेतली: भोकं बुजवली, इन्सुलेशन वाढवलं, खिडक्यांना आतून झडपा केल्या. खिडक्या बदलल्या नाहीत. घर तापवण्याची गरज दोन तृतीयांशाने कमी झाली! शिवाय कुडकुडण्याची अट नव्हतीच.

या कामातूनच 'हाऊस डॉक्टर' ही कल्पना निघाली. दोन माणसं दिवसभर घरी येणार, दारात मोठा पंखा बसवून आतली हवा बाहेर ओढणार, मग फटींतून येणारे झोत हाताने, धुराने किंवा इन्फ्रारेड कॅमेऱ्याने शोधणार आणि जमेल तितक्या तिथल्या तिथे बुजवणार. स्वीडनमध्ये हा पंखा खिडकीत बसवत. प्रिन्स्टनकरांनी तो दारात आणला, म्हणून 'ब्लोअर डोअर'. आजही घराची तपासणी याच पद्धतीने होते.

आता पैशाची बाजू बघा. १९७८ मध्ये सरकारने घरमालकांना करात सूट दिली, पहिल्या २००० डॉलरवर १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३०० डॉलर. ती १९८५ अखेर संपली. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि व्हाइट हाऊसच्या छतावर कार्टर यांनी १९७९ मध्ये बसवलेले पाणी तापवायचे सौर पॅनेल रेगन यांच्या काळात उतरले. २००५ च्या कायद्याने सूट परत आली, ती ५०० डॉलरपर्यंत. २००९ मध्ये ती १५०० झाली, पुन्हा घटली. २०२२ च्या कायद्याने ३० टक्के सूट दिली, वर्षाला १२०० डॉलरपर्यंत, हीट पंपाला वेगळे २०००. २०२५ च्या कायद्याने तीही ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या कामांना बंद केली. पन्नास वर्षांत ही सूट पाहुण्यासारखी आली आणि गेली.

म्हणून माझं म्हणणं असं की सुटीवर डोळा ठेवून खर्चाचे बेत आखू नयेत. खिडक्या विकणारा दारी येतो, सूट असली की दोनदा येतो. धुराड्याभोवतीचं भोक बुजवण्याची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. पत्र्याचा तुकडा आणि उष्णता सोसणारं सीलंट, झालं. (तिथे साधा फोम भरू नका, आगीचा धोका असतो.)

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी ब्लोअर डोअरची तपासणी. काही राज्यांत वीज-गॅस कंपन्या त्यासाठी मदत देतात, त्याची चौकशी करा. मग पोटमाळ्यावरची भोकं: धुराडं, वायरी आणि नळ वर येतात त्या जागा, शिडीचं झाकण. त्यानंतरच वर इन्सुलेशन. आपल्या भागात आर-४९ ते आर-६० पर्यंत. उलट क्रमाने केलंत तर भोकं इन्सुलेशनखाली गाडली जातात आणि चालूच राहतात. घर घट्ट झालं की भट्टी आणि पाण्याच्या हीटरचा धूर नीट बाहेर जातोय ना, हे तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. इथे काटकसर नको. खिडक्या अगदी शेवटी, त्या मोडकळीला आल्या असतील तर किंवा तुम्हाला नव्या हव्याच असतील तर. फक्त त्या बिलातून वसूल होतील या आशेवर घेऊ नका.

एखाद्या थंडगार सकाळी टॉर्च घेऊन पोटमाळ्यावर चढा. इन्सुलेशनवर जिथे काळे डाग दिसतील तिथे बऱ्याचदा भोक असतं. वर्षानुवर्षं निसटणाऱ्या हवेतली धूळ गाळली जाऊन ते पडतात. पाय मात्र लाकडी तुळयांवरच ठेवा, नाहीतर बायको खाली स्वयंपाकघरात उभी असेल आणि छतातून तुमचा पाय तिच्या भेटीला जाईल!